मावळच्या ओलीत सीडी प्लेअर निवडताना

सीडी प्लेअर घ्यायला गेलात की दुकानदार पहिल्यांदा आवाजाबद्दल बोलायला लागतो. अमुक कंपनीचा आवाज गोड, तमुकचा मोकळा, तिसऱ्याचा जरा कोरडा. ते सगळं ऐकून घ्या, पण त्यावर पैसे मोजू नका. नीट बांधलेल्या दोन प्लेअरांच्या आवाजातला फरक इतका बारीक असतो की डोळ्यांवर पट्टी बांधून ओळखायला लावलं तर भलेभले अडखळतात. पाच वर्षांनी डिस्क आत घातल्यावर मात्र पडद्यावर ‘नो डिस्क’ येतं की गाणं सुरू होतं, हा फरक घरातल्या कुणालाही कळतो. वडगाव, कामशेत, मळवली, लोणावळा या मावळातल्या पट्ट्यात तो जरा लवकरच कळतो. म्हणून प्लेअर निवडायचा तो आतलं यंत्र आणि दुरुस्तीची सोय बघून. आवाजासाठी खर्च करायचाच असेल तर तो स्पीकरवर करा. तिथे शंभर रुपये टाकले तर निदान साठ रुपयांचा फरक कानाला कळतो.

आता या जमान्यात सीडी प्लेअर कशाला, असं विचारणारे घरातच निघतात. त्यांना कपाट उघडून दाखवा. मुंबई-पुण्याहून निवृत्त होऊन तळेगाव-वडगावकडे राहायला आलेल्या घरांमध्ये सीडींचे दोन-चार खोके असतातच. सुधीर फडक्यांच्या ‘गीतरामायणा’चा संच असतो, भीमसेनजींच्या अभंगांच्या डिस्क असतात, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसनं काढलेलं शास्त्रीय संगीत असतं, फाउंटन कंपनीच्या भावगीतांच्या डिस्क असतात. मुंबईत काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमधून, ते २०१६ मध्ये बंद पडायच्या आधी, हौसेनं निवडून आणलेल्या चार गोष्टीही असतात. यातलं पुष्कळ आज मोबाइलवर सापडतं, पण सगळं नाही. जे सापडतं तेही कुठल्या प्रतीवरून चढवलेलं आहे याचा पत्ता नसतो. शिवाय सत्तरीच्या माणसाला डिस्क घालून बटण दाबणं जमतं, अ‍ॅपमध्ये शोधत बसणं नको वाटतं.

तेव्हा दुकानात जायच्या आधी स्वतःच्या खोक्यांची झडती घ्या. कोणता प्लेअर घ्यायचा हे निम्मं तिथेच ठरतं.

कारखान्यात छापलेली साधी ऑडिओ सीडी कुठल्याही प्लेअरवर चालते, तिची चिंता नाही. घरी कॉम्प्युटरवर भरलेली सीडी-आर ही वेगळी जात आहे. तिच्यात छापील सीडीसारखे खड्डे नसतात, रंगद्रव्याच्या थरावर लेसरनं डाग पाडलेले असतात आणि तिच्यावरून परत येणारा प्रकाशही थोडा कमी असतो. एखाद्या घरगुती मैफलीचं, कुणा नातेवाइकाच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा अशाच डिस्कवर असतं आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नसते. सीडी-आरडब्ल्यू तर याहून मंद असते. जुने प्लेअर तिला ओळखतही नाहीत. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत शंभर-शंभर गाण्यांच्या एमपीथ्री डिस्कचं पेव फुटलं होतं. त्या तुमच्याकडे असतील तर प्लेअरला एमपीथ्री वाचता येतं का, हे स्पष्ट विचारा. महागड्या, शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या काही यंत्रांवर या डिस्क चालतच नाहीत. नाटकांच्या आणि सिनेमांच्या व्हीसीडी सीडी प्लेअरवर दिसणार नाहीत. त्यासाठी जुना डीव्हीडी प्लेअर सांभाळून ठेवा.

राहिला प्रश्न सुपर ऑडिओ सीडीचा. सोनी आणि फिलिप्सनं १९९९ मध्ये ती आणली. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझ तिच्यावर भरपूर आहे, आपल्या संगीताचं मात्र त्या कपाटात फारसं काही नाही. ख्याल, नाट्यगीत, भावगीत ऐकणाऱ्यानं त्या सोयीसाठी जास्तीचे वीस-पंचवीस हजार घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. या प्रकारच्या बहुतेक डिस्कमध्ये साध्या सीडीचाही थर असतो, त्यामुळे चुकून एखादी हाती आली तरी ती साध्या प्लेअरवर वाजते.

यंत्राच्या आत काय चालतं हे थोडक्यात समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. बारा सेंटिमीटरच्या डिस्कवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते आणि तिच्या दोन वळणांमधलं अंतर जेमतेम १.६ मायक्रॉन असतं. त्या वाटेवर डोळ्यांना न दिसणारा, ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर नेमका धरून ठेवायचा असतो. डिस्क आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि बाहेर सरकता सरकता २०० पर्यंत मंदावते. फिरताना ती किंचित वरखाली होते, थोडी आडवीही हलते. चिमुकल्या लेन्सला तारांवर तोलून, क्षणोक्षणी सरकवत ही सगळी डुगडुग सांभाळली जाते. म्हणजे सीडी प्लेअर हे घरातलं अतिशय नाजूक मोजमापाचं यंत्र आहे, आणि ते बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच: लेन्सवर थर बसतो, लेसर मंदावतो, पिकअप, म्हणजे लेसर आणि लेन्सचा जोड, सरकवणाऱ्या दांड्यावरचं ग्रीस घट्ट होतं किंवा ट्रे ओढणारा रबरी पट्टा सैल पडतो. डिजिटलचं ॲनालॉग करणारी चिप, जिच्यावर जाहिरातीची पानंच्या पानं खर्ची पडतात, ती सहसा कधी मरत नाही.

लेन्सवर थर कशाचा बसतो? मावळात पहिला शत्रू ओल. लोणावळ्याचा वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पूर्वेकडे वडगावपर्यंत येता येता तो झपाट्यानं कमी होतो हे खरं, पण जुलै-ऑगस्टमधली दमट हवा काही कमी होत नाही. पवन मावळात किंवा नाणे मावळात डोंगराला लागून घर असेल तर ढग खिडकीतून आत येतो, भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. त्या हवेत महिनाभर बंद पडून राहिलेल्या प्लेअरच्या लेन्सवर धुरकट पापुद्रा चढतो. लोक मग म्हणतात, दिवाळीपर्यंत चांगला चालत होता. खरं तर तो जूनपर्यंत चांगला चालत होता. दिवाळीला लावून बघितला एवढंच.

यावर उपाय महाग नाही. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी प्लेअर तासभर चालू ठेवा. आतल्या ट्रान्सफॉर्मरची ऊब ओल हटवायला पुरेशी असते. प्लेअर भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या भिंतीला, टेकवून ठेवू नका. वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालून तर मुळीच ठेवू नका, कारण त्याखाली ओल कोंडते. सुती कापड बरं. बंद कपाटात ठेवायचा असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून गरम करून कोरड्या करा, नाहीतर दोन आठवड्यांत त्याच पुड्या ओल धरून बसतात.

दुसरा शत्रू देवघरातून येतो. उदबत्ती आणि धूप यांच्या धुरातला तेलकट अंश हवेबरोबर सगळीकडे फिरतो आणि थंड, गुळगुळीत पृष्ठभागावर बसतो. प्लेअरच्या आतली लेन्स हा तसाच पृष्ठभाग आहे. फोडणीचंही तेच. दिवाणखान्याला लागून स्वयंपाकघर असलेल्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या पडद्यावरून बोट फिरवून पाहा, जो चिकट थर बोटाला लागतो तोच लेन्सवर असतो. वर उन्हाळ्यातली धूळ आहेच, हमरस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना ती सांगायला नको. तेव्हा ‘टॉप लोडिंग’, म्हणजे वरचं झाकण उघडून डिस्क ठेवायचा प्लेअर दिसायला कितीही देखणा असला तरी आपल्याकडे मी तो सुचवणार नाही. त्याला ट्रेची कटकट नाही हा गुण खरा, पण झाकण उघडलं की लेन्स उघड्या हवेत येते. साधा पुढे सरकणारा ट्रे बरा. त्याचा पट्टा पाच-सात वर्षांनी सैल पडतो, पण तो थोड्या पैशांत मिळतो आणि कुठलाही हुशार मेकॅनिक बदलून देतो. गाडीतल्यासारखी फटीत डिस्क ओढून घेणारी सोय टाळा. तिच्यात डिस्क अडकली की सगळा डबा खोलावा लागतो.

पाच डिस्कचा चेंजर ‘गीतरामायणा’सारख्या अनेक डिस्कच्या संचासाठी मोहात पाडतो. छप्पन्न गीतं, आणि दर डिस्कमागे उठायला नको. पण चेंजरमध्ये फिरणाऱ्या भागांची संख्या वाढते आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत. डिस्क बदलायला उठावं. रामायण आहे, तेवढी तोशीस चालेल.

डिस्कचीही काळजी घ्यायला हवी, कारण निम्म्या तक्रारी प्लेअरच्या नसतातच. डिस्कच्या चमकणाऱ्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेट असतं. त्यावरच्या बारीक ओरखड्यांना सीडीची चूकदुरुस्तीची पद्धत बऱ्यापैकी पुरून उरते. वाटेच्या दिशेनं सुमारे अडीच मिलिमीटर माहिती सलग गेली तरी ती पुन्हा उभी करता येते. नाजूक असते ती छापील बाजू. तिथे परावर्तक धातूच्या थरावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो. पावसाळ्यात पुस्तिकेचा कागद ओलीनं त्या बाजूला चिकटतो, आपण तो ओढून काढतो आणि कागदाबरोबर गाणंही निघून येतं. तिथून डिस्क वाचवता येत नाही. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमधून आलेल्या एका सीडीचा थर बुरशीनं खाल्ल्याचं स्पॅनिश संशोधकांनी २००१ मध्ये नोंदवलं होतं. आपल्याकडे एवढी वेळ क्वचितच येते, पण खोके जमिनीवर किंवा माळ्यावर ठेवू नका, मधल्या फळीवर ठेवा. पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे न्यायचं, गोल फिरवायचं नाही. गोल ओरखडा वाटेच्या दिशेनं जातो आणि चूकदुरुस्तीला नेमका तोच जड जातो.

आता आवाजाकडे येऊ, कारण त्याशिवाय वाचकाचं समाधान होणार नाही. सीडीवरचा आवाज १६ बिटांचा असतो, सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेला. यातून सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मिळतं. १९८२ मध्ये पहिले प्लेअर बाजारात आले तेव्हा फिलिप्सनं आपल्या यंत्रात १४ बिटांची चिप वापरून, नमुने चौपट करून हेच काम भागवलं होतं, आणि ते प्लेअर ऐकणारे आजही त्यांची आठवण काढतात. आजची साधी चिपसुद्धा त्याच्या कितीतरी पुढे आहे. माहितीपत्रकात एकाचा डेसिबलचा आकडा ११० आणि दुसऱ्याचा ११५ लिहिलेला असतो. पण आपण ऐकतो कुठे? जुना हमरस्ता, पुणे-लोणावळा लोकलचा मार्ग, शेजारच्यांची पाण्याची मोटर, आणि पावसाळ्यात पत्र्यावर कोसळणारी सर. या खोलीत ९६ सुद्धा पुरते वापरले जात नाहीत.

दुकानात दोन प्लेअर एकामागोमाग ऐकवतात तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवा. प्लेअरमधून बाहेर पडणाऱ्या संकेताची पातळी साधारण दोन व्होल्ट असते, पण प्रत्येकाची नेमकी सारखी नसते. जो किंचित मोठा वाजतो तो कानाला जास्त ‘भरलेला’ वाटतो. विक्रेत्याला सांगा, दोन्हींचा आवाज सारखा करून मग ऐकवा. एवढं केलं की बरेचसे गुण-दोष विरून जातात.

ऐकायला स्वतःची, पाठ असलेली डिस्क न्या, दुकानातली चकचकीत नमुना डिस्क नको. आपल्या संगीतात प्लेअर तपासायला तानपुऱ्यासारखं दुसरं साधन नाही. गाणं सुरू व्हायच्या आधीचे तानपुऱ्याचे पहिले चार-सहा आघात ऐका. जवारीची झळाळी तारेवरून उठून हळूहळू विरते. ती विरताना मध्ये कुठे खरखर, घुंई किंवा यंत्राची किरकिर ऐकू येते का ते पाहा. कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रणांमधले तानपुरे या कामाला उत्तम. नंतर विलंबितातल्या तबल्याचा डग्गा घ्या, पण त्यात जो फरक दिसेल तो स्पीकरचा असेल, प्लेअरचा नव्हे. मग विलंबित संपून द्रुत सुरू होते त्या जागी जा. पुष्कळ मैफलींच्या डिस्कमध्ये तिथे ट्रॅक बदलतो, आणि गाणं सलग चालू असताना क्षणभरही खंड पडता कामा नये. साध्या सीडीवर खंड पडत नाही. एमपीथ्रीवर बऱ्याच प्लेअरांत पडतो, आणि समेवर येता येता पडलेला तो अर्ध्या सेकंदाचा खड्डा सहन होत नाही.

‘याचा वेग अगदी स्थिर आहे, सूर हलत नाही’ असं कुणी सांगितलं तर मनातल्या मनात हसून घ्या. कॅसेटचे दिवस पाहिलेल्यांना ते मोठं वाटतं. सीडीमध्ये माहिती आधी साठवून मग क्वार्ट्‌झच्या ठोक्यावर सोडली जाते, त्यामुळे पेटीचा सूर कुठल्याच प्लेअरवर हलत नाही. तसंच बालगंधर्वांच्या किंवा अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून केलेल्या सीडी लावून खरखर ऐकू आली तर ती तबकडीची आहे. चांगला प्लेअर ती काढून टाकत नाही, आणि काढू नये.

खरेदीच्या वाटा तीन. सगळ्यात स्वस्त वाट घरातच असते. माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर खाली काढा. मागे ‘कोॲक्सिअल’ किंवा ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं छिद्र असेल तर तो वेगळ्या डॅकला, म्हणजे डिजिटलचं ॲनालॉग करणाऱ्या डब्याला, जोडून उत्तम सीडी प्लेअर होतो. अडचण एकच, बऱ्याच मॉडेलांवर गाण्याचा क्रमांक दाखवणारा पडदा नसतो, त्यामुळे पाचवं गाणं लावायचं तर टीव्ही सुरू करावा लागतो. ज्यांना डिस्क लावून पुरती ऐकायची सवय आहे त्यांना त्यानं काही बिघडत नाही. त्यांनी हे करून पाहावं आणि वाचलेले पैसे स्पीकरला द्यावेत.

दुसरी वाट नव्या प्लेअरची. आपल्याकडे यामाहाचा सीडी-एस३०३, डेनॉनचा डीसीडी-६००एनई आणि मरांट्झचा सीडी ६००७ ही या वर्गातली ओळखीची नावं. किमती डॉलरबरोबर हलतात, पण तीस-पस्तीस हजारांच्या खाली या वर्गात फारसं काही मिळत नाही असं धरून चाला. बहुतेक घरांना यामाहा पुरतो: एमपीथ्री वाचतो, पेनड्राइव्ह घेतो, बाहेर डिजिटल संकेतही देतो. मरांट्झच्या हेडफोनच्या सोयीकडे नीट काम केलेलं आहे. रात्री घरचे झोपल्यावर ऐकणाऱ्याला तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे देण्यात अर्थ आहे. कॅटलॉगमधून मागवण्याआधी पुण्यातल्या अधिकृत सेवा केंद्राचा पत्ता विचारा आणि तिथे फोन करून पिकअप किती वर्षं मिळेल ते विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर ते मॉडेल सोडा. केंब्रिज ऑडिओच्या सीएक्ससीसारखे नुसते ट्रान्सपोर्टही मिळतात, ज्यांत चिप नसते, फक्त डिस्क वाचणारं यंत्र असतं. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आधीच डॅक असेल तर हा शहाणा पर्याय आहे. एकाच गोष्टीला दोनदा पैसे पडत नाहीत. एमपीथ्रीचं मात्र आधी विचारून घ्या.

तिसरी वाट जुन्या बाजाराची, आणि सगळ्यात जास्त गंमत आणि सगळ्यात जास्त फसगत तिथेच आहे. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घातला की जपानी बनावटीचे वजनदार प्लेअर दिसतात. पहिल्यांदा ते उलटे करा आणि मागची पट्टी वाचा. जपानमध्ये घरोघरी १०० व्होल्टची वीज असते, अमेरिकेत १२०. आपल्या २३० व्होल्टला असा प्लेअर थेट जोडला तर पहिल्याच मिनिटाला धूर निघतो. अमेरिकेतल्या मुलाकडून किंवा भावाकडून मागवणाऱ्यांनी तर हे आधी त्यालाच बघायला सांगावं. व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लावून काम होतं, पण तो प्लेअरच्या गरजेहून जरा मोठाच घ्या आणि त्याची घुंई ऐकू येऊ नये म्हणून लांब ठेवा.

मग आत कोणतं पिकअप आहे ते विचारा. सोनीचं केएसएस-२१३ किंवा सान्योचं एसएफ-पी१०१एन असेल तर निर्धास्त व्हा. ही पिकअपं इतक्या यंत्रांत बसली की त्यांच्या नकला आजही काही शे रुपयांत मिळतात. अस्सल जुना माल मिळाला तर थोडा जास्त देऊन घ्यावा. फिलिप्सचे जुने, झुलत्या हाताचे सीडीएम प्लेअर हे इंजिनिअरिंगचा नमुना आहेत, पण त्यांचं पिकअप गेलं की शोध घेत फिरावं लागतं. सुपर ऑडिओ सीडीच्या प्लेअरांचंही तेच. अमेरिकेतल्या ओप्पो डिजिटलची नावाजलेली यंत्रं अजून विकायला येतात, पण कंपनीनं २०१८ मध्ये तो धंदाच आवरला, हे भाव करताना लक्षात असू द्या. नवं पिकअप बसवणाऱ्या मेकॅनिकला एक प्रश्न जरूर विचारा: स्थिर विजेपासून बचावासाठी त्यावर दिलेला सोल्डरचा ठिपका कधी काढायचा? बसवून, वायर जोडल्यावर, असं त्यानं पटकन सांगितलं तर माणूस कामाचा आहे.

तपासताना सोबत दोन डिस्क न्या. एक सत्तर मिनिटांहून मोठी छापील सीडी. तिचं शेवटचं गाणं थेट लावा, कारण लेसर थकला की पहिल्यांदा बाहेरची कड चुकायला लागते, आणि विक्रेता नेहमी पहिलंच गाणं ऐकवतो. दुसरी, घरी भरलेली सीडी-आर. ती दहा-बारा सेकंदांत ओळखली गेली नाही तर लेन्स तरी घाण आहे किंवा लेसर तरी उतरलाय. ट्रे सात-आठ वेळा आतबाहेर करा. कान झाकणाजवळ नेऊन ऐका. हलकी सुरसुर चालते, टकटक नको. रिमोट मूळचाच आहे ना ते पाहा, काही प्लेअरांची निम्मी बटणं फक्त रिमोटवरच असतात. लेन्स साफ करून दाखवतो म्हणून कुणी रुमालाचं टोक आत घालायला लागला तर त्याला थांबवा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा, अजिबात दाब न देता, एवढंच पुरे. लेन्स केसासारख्या तारांवर टांगलेली असते. ब्रश लावलेल्या साफसफाईच्या डिस्क मी वापरत नाही. झाकण काढून चालू यंत्रात डोकावू नका, तो लेसर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

विजेचं मावळी गणितही सांभाळावं लागतं. पुणे परिसरात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याची जुनी रीत आहे, आणि वीज परत येते तेव्हा ती सरळ चालत येत नाही, उसळत येते. रिमोटनं बंद केलेला प्लेअर खरा बंद नसतो. भिंतीवरचा खटका खाली करा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा, त्यावेळी स्टॅबिलायझरचा काही उपयोग होत नाही. इन्व्हर्टरवर ऐकणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहा. स्वस्त चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, आणि तानपुऱ्याच्या मागे तो आगंतुक स्वर नकोसा होतो. इन्व्हर्टर बंद करूनही घुंई राहिली तर घरातलं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत ते नावालाच असतं.

शेवटचं काम प्लेअर घरी आणण्याचं. जुन्या प्लेअरच्या तळाशी बहुधा लाल रंगाचे एक-दोन स्क्रू किंवा खटका असतो. प्रवासात पिकअप हलू नये म्हणून तो घट्ट करायचा असतो, आणि घरी आल्यावर सैल करायचा असतो. आत डिस्क ठेवून आणू नका. शिवाजीनगरहून लोकलनं येणार असाल तर संध्याकाळची गर्दीची गाडी सोडा, दुपारची धरा, आणि यंत्र फळीवर न ठेवता मांडीवर घ्या. पावसाळ्याचे दिवस असतील तर घरी पोचल्या पोचल्या लावून बघायची घाई आवरा. खोक्यातून काढून दोन-तीन तास पंख्याच्या वाऱ्यावर तसाच ठेवा, तळाचे स्क्रू सैल केलेत ना ते पुन्हा एकदा बघा, आणि मग प्लग लावा.